आपलं गाणं शेवटच्या दहा मिनिटांत नको

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका २७ वर्षांची, नागपूरची. इंजिनीअर, एका आयटी कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ४१ हजार. कॉलेजपासून गिटार वाजवते, स्वतः मराठी गाणी लिहिते, चाली लावते, गाते. लिहिलेली गाणी अकरा, त्यातली चार रेकॉर्ड करून स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर टाकली. एकेका गाण्याला पंधरा-वीस हजार खर्च आला, परत काहीच आलं नाही. शनिवारी धरमपेठेतल्या एका कॅफेत वाजवते, संध्याकाळचे अडीच हजार मिळतात. लोकांना ओळखीची हिंदी गाणी हवी असतात, म्हणून सगळा सेट कव्हरचा. वेळ उरला तर अगदी शेवटी स्वतःचं एखादं गाणं. “तेव्हा लोकांनी बिलं मागवलेली असतात,” असं ती लिहिते. आता एका म्युझिक कंपनीने झालेली चार आणि नवं एक अशा पाच गाण्यांचे दीड लाख देऊ केले आहेत. बदल्यात सगळे हक्क कायमचे कंपनीचे, शिवाय बोलीतला वऱ्हाडी लहेजा काढून भाषा ‘स्वच्छ’ करायची. मित्र म्हणतात, नागपुरात काही होणार नाही, पुणे-मुंबई गाठ. वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेले वडील म्हणतात, नोकरी सोडायची नाही. तिचे प्रश्न: नोकरी सोडू का, शहर सोडू का, आणि कंपनीला महिनाअखेरीला काय कळवू?

प्रिय मैत्रिणी,

पत्रासोबत पाठवलेली चारही गाणी ऐकली. पहिली दोन नीटनेटकी आहेत. तिसरं मला फारसं भिडलं नाही. खाणीच्या भोंग्यावरचं चौथं मात्र मी पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार एकदम थांबते आणि तू नुसत्या आवाजात सांगतेस की भोंगा झाला तरी डबा अजून भरायचाच आहे. तिथे पहाटेचं स्वयंपाकघर दिसतं, आईची घाई दिसते. असं लिहिणाऱ्या मुलीला ‘छंद म्हणून ठेव’ असं मी सांगणार नाही. हे काम तू आयुष्यभर करणार आहेस असं धरूनच पुढचं लिहिते आहे.

नोकरी, शहर आणि कंपनी यांवर तू भरभरून लिहिलं आहेस. मी मात्र अडकले ती एका ओळीपाशी: स्वतःचं गाणं शेवटी, बिलं मागवून झाल्यावर. आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात तू म्हणतेस, नागपूरला ओरिजिनल गाणी नकोत. अगं, पण नागपूरला तू ती ऐकवलीस कधी? दर शनिवारी दोन-अडीच तास दुसऱ्यांची गाणी आणि उरलेल्या दहा मिनिटांत तुझं, तेही माणसं खुर्च्या मागे सारत असताना. त्या दहा मिनिटांवर तू अख्ख्या शहराची पारख केलीस आणि त्या पारखेवर नोकरी आणि घर सोडायच्या गोष्टी करते आहेस. तुझं नक्की काय चुकतं किंवा जमतं आहे, हे कळायला लागणारी माहितीच अजून तुझ्या हातात नाही. ती आधी मिळव. मग बाकीचे दोन्ही निर्णय बरेच सोपे होतील.

कॅफेवाल्याला मी दोष देत नाही. तो पैसे देतो ते माणसांनी बसावं, गप्पा माराव्यात, आणखी एक कॉफी मागवावी म्हणून. पण त्याच्याच जागेत एक बदल करता येईल. तुझं गाणं तिसरं घे. पहिली दोन सगळ्यांच्या ओळखीची, आणि माना डोलायला लागल्या की लगेच आपलं. त्याआधी दोन वाक्यं बोल: हे मी लिहिलं आहे, माझे बाबा उमरेडच्या खाणीत होते, त्यांच्या पहाटपाळीवर आहे. बस. नव्या गायकांना मी नेहमी पाहते, स्वतःच्या गाण्याआधी ते परवानगी मागितल्यासारखं बोलतात, ‘एक माझंच आहे, चालेल ना?’ तो सूर ऐकला की श्रोता सावरून बसायच्या ऐवजी मोबाइल काढतो. पुढे सहावं गाणं पुन्हा तुझं, नववं तुझं. दोन महिने असं करून बघ. टाळ्यांचा हिशेब ठेवू नकोस, टाळ्या कव्हरलाच जास्त पडतील. गाणं संपल्यावर जवळ येऊन ‘हे कुठे मिळेल?’ असं कोण विचारतं, ते बघ. त्या माणसाला विचारून त्याचा नंबर घे आणि व्हॉट्सॲपची एक यादी कर. पुढचा कार्यक्रम असेल तेव्हाच त्या यादीवर निरोप जाईल, रोज सकाळी नाही. यूट्यूबवरच्या हजार अनोळखी आकड्यांपेक्षा अशी साठ-सत्तर नावं तुझ्या जास्त कामाची आहेत, कारण ही माणसं पुढच्या वेळी गाडी काढून येऊ शकतात.

तरीही कॅफे ही ऐकायची जागा नव्हे. तुझ्या गाण्यांत शब्दांना महत्त्व आहे, मिक्सरच्या आवाजात ती वाया जातात. तुला शांत खोल्या लागतील, आणि त्या या शहरात आहेत. घरगुती बैठक नागपूरला नवी नाही. शास्त्रीय गाण्यासाठी सोफे सरकवून सतरंज्या घालणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तशाच हॉलमध्ये गिटारही चालते. कुणा मैत्रिणीच्या घरी पंचवीस-तीस माणसं बोलाव. माइक नको. सव्वा तास, फक्त तुझी गाणी. अकरा गाणी आहेत म्हणतेस, त्यातली नऊ पुरतात. माणशी दोनशे रुपये आधीच सांगून घे. ऐनवेळी टोपी फिरवायची वेळ आली की तूही अवघडतेस आणि पाहुणेही. तीस माणसं आली तर सहा हजार होतात, म्हणजे तुझ्या दोन शनिवारांपेक्षा जास्त, आणि त्यात एकही कव्हर नाही. त्या रात्री कोणत्या गाण्याला खोली गप्प झाली आणि कोणत्या गाण्याला लोक चुळबुळले, हे तुला समोर दिसेल. तिसऱ्या गाण्याचं काय करायचं हे मला विचारलं आहेस, त्याचं उत्तर ती खोली माझ्यापेक्षा चांगलं देईल.

हंगाम सांभाळ. आपल्याकडे कार्यक्रमांचे खरे दिवस गणपतीपासून फेब्रुवारीपर्यंत. कोजागिरीला प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असतं आणि अंताक्षरी संपली की पुढे काय, हा प्रश्न असतो. तिथे अर्धा तास माग. फक्त एक लक्षात ठेव, उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकरला परवानगी नसते. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सवलत देऊ शकतं, पण त्या यादीवर विसंबू नकोस. सातला सुरू कर, साडेआठला संपव. आईबापांबरोबर लहान मुलंही ऐकतात आणि तुलाही घरी वेळेत जाता येतं. विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना येणारा श्रोताही तुझाच आहे, त्याला शब्द ऐकायची सवय आहे. या शहरातलं रेशीमबागेचं मोठं सभागृह एका कवीच्या नावाचं आहे, सुरेश भटांच्या, आणि सिव्हिल लाइन्समधलं एका गायकाच्या, डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या. ती सभागृहं सध्या तुझ्यासाठी मोठी आहेत. पण कविता आणि गाणं दोन्हींवर प्रेम करणारी माणसं इथे आहेत, एवढं त्यावरून धर. आकाशवाणीची सुगम संगीताची ऑडिशनही दे. पैसे फार नसतात, पण तयारी पक्की होते आणि श्रेणी मिळाली तर ती पुढे उपयोगी पडते.

आता शहर. मुंबईत काय आहे? स्टुडिओ, जाहिराती, सिनेमा, मालिका, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवण्याचं काम. तुला सेशन गिटारिस्ट किंवा पार्श्वगायिका व्हायचं असतं तर मी म्हणाले असते, उद्या जा. ते काम फोनवरून ‘तासाभरात पोचतेस का?’ असं विचारून मिळतं आणि नागपूरहून तासाभरात पोचता येत नाही. पण पत्रात तू तीन ठिकाणी लिहिलंस, मला माझी गाणी गायची आहेत. मग मुंबईत पहिलं वर्ष काय होईल ते डोळ्यांसमोर आण. खोलीचं भाडं, डिपॉझिट, खाणं. ते भरायला तू पुन्हा कव्हरच गाशील, फक्त धरमपेठेऐवजी अंधेरीत, किंवा पुण्याला गेलीस तर बाणेरला, आणि तिथे स्वतःचं गाणं शेवटी घेण्याचा मोह आणखी मोठा असेल.

म्हणून सध्या राहायला जाऊ नकोस, ये-जा कर. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी निघालीस की सकाळी मुंबईत असतेस. सुट्टी जोडून जा, दोन ओपन माइक कर, एखाद्या गाणाऱ्या मुलीबरोबर कार्यक्रमांची अदलाबदल ठरव: तिने नागपुरात तुझ्या माणसांसमोर गायचं, तू तिच्या. आणि मधली शहरं सोडू नकोस. वर्धा, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर इथे सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, कॉलेजं आहेत, वाचनालयं आहेत. पुणे-मुंबईकडे बघताना आपण आजूबाजूला बघतच नाही. दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या बघ. गावोगावी लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात, त्यातली गाणी ऐकतात. तुझं गाणं वेगळ्या जातीचं आहे, तो प्रेक्षक जसाच्या तसा तुला मिळणार नाही, मान्य. पण ‘आपल्याकडे पैसे देऊन कोण येतं?’ असं पुन्हा कुणी म्हणालं तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे बोट दाखव. वर्षभराने पुण्याहून चाळीस माणसं ‘कधी येणार?’ विचारायला लागली, तर तेव्हा पुण्याचा विचार खुशाल कर. तेव्हा तुझ्याकडे तिथे जायला कारण असेल.

नोकरीबद्दल तू लिहितेस की तिच्यामुळे गाणी होत नाहीत. पण ही अकरा गाणी नोकरीतल्या तीन वर्षांतच झाली आहेत, हेही तूच लिहिलं आहेस. आत्ता ज्यांचं नाव घेतलं ते वसंतराव नागपुरात वाढले, इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, आणि पुढे पुण्यात लष्करी लेखा खात्यात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली. त्यांनी केली म्हणून तूही जन्मभर कर, असं मला म्हणायचं नाही, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसून रात्री लिहायचं म्हणजे काय थकवा येतो याची मला कल्पना आहे. पण ४१ हजारांचा पगार आज तुला जी ताकद देतो ती मोज: दीड लाखाच्या कागदाला तू ‘थांबा’ म्हणू शकतेस. पगार नसता तर भाड्याची तारीख जवळ आल्यावर तू सही केली असतीस.

नोकरी कधी सोडायची? माझं मोजमाप असं. एक वही कर, एप्रिल ते मार्च. चार रकाने: कव्हर आणि लग्नाची संगीत-संध्याकाळ, स्वतःच्या गाण्यांचे कार्यक्रम, शिकवणी, आणि रॉयल्टी. पूर्ण वर्ष भर. डिसेंबरची कमाई बघून कधीही निर्णय घेऊ नकोस. पावसाळ्यात जागा मिळत नाहीत, अधिक महिना आला की लग्नं थांबतात, आणि त्या महिन्यांतही वीजबिल येतच असतं. वर्षाची एकूण कमाई पगाराच्या निम्म्यावर गेली, त्यात दुसरा रकाना नुसता नावापुरता राहिला नाही, आणि वर्षभराच्या खर्चाइतके पैसे बाजूला पडले, की मग राजीनामा लिहायला घे. त्याआधी स्वतःचा आरोग्यविमा काढ, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. मधला एक रस्ताही आहे: नोव्हेंबर ते जानेवारी बिनपगारी रजा मिळते का ते विचार. भर हंगामात तीन महिने पूर्णवेळ गायिका होऊन बघता येईल आणि परतीचं दारही उघडं राहील.

आणखी एक गोष्ट आजच तपास. तुझ्या नियुक्तीपत्रात बाहेरच्या पैशाच्या कामाला परवानगी लागते असं कलम आहे का? आयटी कंपन्यांत बहुधा असतं. असेल तर लेखी परवानगी घेऊन टाक, गाण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आयोजकाने मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला, तर तो तुझ्या पॅनवर जमा झाला का ते बघ आणि विवरणपत्रात दाखव. ते पैसे सोडून देणारे कलाकार मी पाहिले आहेत. शिकवणी घ्यावी की नाही, यावर मी साशंक आहे. उत्पन्न ठरलेलं असतं, पण मुलं संध्याकाळी पाच ते आठच येतात आणि तुझेही लिहिण्या-वाजवण्याचे तास तेच आहेत. रविवारची सकाळ तेवढी दे.

खर्चाच्या बाजूला गिटारची देखभाल धर. मे महिन्यात तुझ्या गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या गेल्या आणि पट्टी धरताना बोटं दुखायला लागली, असं लिहिलंस. तो आपल्या कुलरचा प्रताप आहे. बाहेर ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा, खोलीत खसाच्या ताट्यांतून येणारी ओली हवा, आणि दुपारी वीज गेली की पुन्हा कोरडेपणा. लाकूड फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. गिटार कुलरच्या झोतात भिंतीला टेकवून ठेवू नकोस. हार्ड केसमध्ये ठेव, आत छोटा हायग्रोमीटर टाक आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहते का ते बघ. नेक सरळ करून घेण्याचं काम जाणकाराकडेच दे, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, स्वतः पिळायचा प्रयत्न नको.

बाबांबद्दल तू ‘विरोध’ हा शब्द वापरला आहेस. त्याच पत्रात असंही आहे की दर शनिवारी रात्री ते स्कूटर घेऊन कॅफेखाली उभे असतात, गिटार पायांपाशी आडवी ठेवून तुला घरी आणतात. नोकरी सोडू नकोस म्हणणं आणि गाणं सोड म्हणणं यात फरक आहे, आणि माझ्या वाचनात तरी त्यांनी दुसरं कुठेच म्हटलेलं नाही. ठरलेल्या तारखेला पगार मिळण्यात त्यांची सगळी हयात गेली. त्यांना ‘माझं स्वप्न’ वगैरे समजावत बसू नकोस, ती चार रकान्यांची वही त्यांच्यासमोर ठेव, दर महिन्याला. हिशेब त्यांना कळतो. आणि मला एक सांग, भोंग्याचं गाणं त्यांनी तुझ्या तोंडून, समोर बसून ऐकलं आहे का? तू ते शेवटी गातेस तेव्हा ते खाली रस्त्यावर असतात. पहिल्या बैठकीला त्यांना आत बसव.

आता कंपनीचा कागद. आधी साधा हिशेब. गाण्यामागे तीस हजार, त्यातले पंधरा-वीस तू रेकॉर्डिंगला घातलेलेच आहेत. हातात उरतात दहा-पंधरा हजार. आणि देते आहेस काय? गाण्याच्या शब्दांवरचा आणि चालीवरचा कॉपीराइट तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. तो सगळा.

गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, हे तुझ्यासारख्या सगळ्यांनीच समजून घ्यायला हवं. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं एक विशिष्ट रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग काही वर्षांसाठी वापरायला देता येतं आणि गाणं आपल्याकडे ठेवता येतं. कंपनीने दोन्ही एकाच वाक्यात मागितली आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी, सही केलेला करार लागतो आणि त्यात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, किती मोबदला हे यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुझ्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द त्यासाठीच घातले आहेत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते संपुष्टात येतात, पण करारात उलट लिहिलं असेल तर तेही नाही. ते कलम शोध. ‘यापुढील सर्व रचना’ असं कुठे आहे का, तेही बघ. ते असेल तर पैसे कितीही असोत, सही करू नकोस.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना एक मोठा आधार दिला. गाण्याचा पुढे जो वापर होईल त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना मिळायला हवा आणि तो हक्क सोडून देण्याचा करारही करता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. म्हणजे ‘एकरकमी घ्या, पुढे काही मागायचं नाही’ हे त्यांचं वाक्य कायद्यात बसत नाही. पण हक्क असणं आणि पैसे खात्यात येणं यात अंतर आहे. त्यासाठी १९६९ पासून असलेल्या आयपीआरएस या अशाच संस्थेची सभासद हो, गीतकार म्हणूनही आणि संगीतकार म्हणूनही, आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदव. गायक-वादकांच्या रॉयल्टीसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहिलंस की हक्क तुझाच. पण वाद झालाच तर पुरावा हाताशी असलेला बरा. चालींची मोबाइलमधली रेकॉर्डिंग तारखेसह स्वतःलाच ईमेल करून ठेव. ज्या मित्राने घरच्या स्टुडिओत काहोन वाजवून मिक्सिंग केलं, त्याच्याबरोबर एका पानावर लिहून घे: शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, कोणाला किती टक्के. मैत्री चांगली असतानाच हा कागद करायचा असतो.

स्ट्रीमिंगकडून सध्या फार अपेक्षा ठेवू नकोस. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसे सुरूच होत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. तुझं गाणं तिथे असावं ते नंबर घेतलेल्या माणसाला पाठवता यावं म्हणून. पुढचं गाणं टाकताना स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठव. आणि तुझी गाणी या ॲपवर पोचवणारा डिस्ट्रिब्युटर वार्षिक शुल्काचा आहे, तर शुल्क थांबवल्यावर गाणी खाली उतरतात का ते त्याच्या अटींत वाच.

भाषेच्या अटीवर मला फार बोलायचं नाही, कारण तुझं उत्तर गाण्यातच आहे. त्या घरातली माणसं जशी बोलतात तसं ते गाणं आहे. ते ‘स्वच्छ’ केलं तर खाणही जाईल आणि डबाही. एखादा शब्द पुण्याच्या श्रोत्याला कळला नाही तर तो विचारेल. बदल सुचवण्याचा हक्क कंपनीला दे, करण्याचा देऊ नकोस, आणि करारात तसं लिहून घे.

कंपनीला एकदम नकार देण्याची गरज नाही. त्यांना तुझी गाणी आवडली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडून मसुदा वाचून घे. त्याची फी दीड लाखाच्या मानाने काहीच नाही. आणि महिनाअखेरीची वाट न बघता त्यांना एवढं लिही:

“प्रस्तावाबद्दल आभार. पाचही गाण्यांचे शब्द आणि चाल यांचे हक्क मी माझ्याकडे ठेवणार आहे. झालेल्या चार रेकॉर्डिंगचा परवाना तीन वर्षांसाठी देण्याची माझी तयारी आहे. त्याचा मोबदला, कायद्यानुसार माझा रॉयल्टीतला वाटा, प्रत्येक ठिकाणी गीतकार-संगीतकार-गायिका म्हणून माझं नाव आणि माझ्या लेखी संमतीशिवाय शब्दांत बदल नाही, हे मुद्दे धरून सुधारित मसुदा पाठवावा. पाचव्या गाण्याबद्दल ते पूर्ण झाल्यावर बोलू.”

त्यांनी बोलणी सुरू केली तर दोन वर्षांपर्यंत खाली यायला हरकत नाही, रक्कमही थोडी कमी झाली तरी चालेल. शब्द आणि चालीवर मात्र अडून राहा. ते नाही म्हणाले तर गाणी तुझीच राहतील. कोजागिरीला कुणाची गच्ची मिळते ते आतापासून विचारायला लाग.

तुझी,
ताई